जर-तरचे झाड

द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

‘जर-तरची भाषा नको, काय ते स्पष्ट सांग,’ असे आपण एकमेकांना सहज म्हणतो. जर-तर करणारा माणूस म्हणजे निश्चयाचा कच्चा, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वास्तविक आपल्या सोमेश्वरनगर परिसरातील बराचसा व्यवहार जर-तरवरच चाललेला असतो. जर कालव्याचे आवर्तन वेळेवर सुटले तर लागण साधेल. जर टोळी आली तर तोड होईल. जर अवकाळी पाऊस झाला तर फडातून गाडी निघणार नाही. यातील एकही वाक्य निश्चयाचे नाही. तरीही अशाच वाक्यांवर भरवसा ठेवून माणसे पैसे उसने काढतात, लग्नाच्या तारखा धरतात आणि मुलांची फी भरतात.

या जर-तरचे माप घेण्याचे काम गणिताची एक शाखा करते. ‘अमुक घडले आहे असे धरले, तर तमुक घडण्याची शक्यता किती?’ या प्रश्नाच्या उत्तराला सशर्त संभाव्यता असे नाव आहे. नाव भारदस्त असल्यामुळे कला शाखेतील आपण बहुतेक जण त्या वाटेला जात नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासात संख्याशास्त्र येते तेव्हा सूत्र पाठ करावयाचे, आकडे भरावयाचे आणि परीक्षा झाली की विसरावयाचे, असा एकंदर प्रकार असतो. परंतु हे सूत्र पाठ न करताही अशी उदाहरणे सोडविता येतात. त्यासाठी कागदावर एक झाड काढावे लागते. पुस्तकात त्याला वृक्षाकृती म्हणतात. प्रस्तुत लेखात हे झाड कसे काढावयाचे ते सांगावे, आणि त्याने केवळ परीक्षेतील गुण वाढतात असे नसून घरातील एखादा निर्णयही कसा बदलू शकतो हे दाखवावे, असा हेतू आहे.

टिपऱ्यांचे झाड

दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आपण सर्वांनी केलेले आहे. नाणे, फासा आणि पत्ते यांच्या पलीकडे ते फारसे जात नाही, म्हणून येथे उसाचे बेणे घेऊ.

समजा, पाटीत १० टिपऱ्या आहेत. त्यांतील ७ चांगल्या आहेत आणि ३ टिपऱ्यांचे डोळे मेलेले आहेत. न पाहता एक टिपरी उचलली, सरीत ठेवली, आणि मग दुसरी उचलली. दोन्ही टिपऱ्या मेलेल्या डोळ्यांच्या निघण्याची संभाव्यता किती?

कागदाच्या डाव्या कडेला एक ठिपका द्या. हे झाडाचे खोड. त्यातून दोन फांद्या काढा. वरच्या फांदीवर ‘चांगली’ आणि खालच्या फांदीवर ‘वाईट’ असे लिहा. पहिल्या उचलीला चांगली टिपरी येण्याची संभाव्यता ७/१० आणि वाईट येण्याची ३/१०. हे अपूर्णांक त्या त्या फांदीवर लिहा. आता प्रत्येक फांदीच्या टोकाला पुन्हा दोन फांद्या फोडा. येथेच खरी गंमत आहे. पहिली टिपरी पाटीत परत ठेवलेली नाही, म्हणून आता पाटीत ९ च उरल्या. त्या ९ मध्ये वाईट किती, हे पहिल्या वेळी काय घडले त्यावर अवलंबून आहे. पहिली चांगली निघाली असेल तर वाईट ३ उरल्या. पहिली वाईट निघाली असेल तर २ उरल्या. म्हणजे दुसऱ्या टप्प्यावरच्या ‘वाईट’ या शब्दाची किंमत दोन ठिकाणी दोन निरनिराळी आहे. हीच सशर्त संभाव्यता. दुसऱ्या टप्प्याच्या प्रत्येक फांदीमागे एक ‘जर’ उभा असतो.

झाड पूर्ण केले म्हणजे चार टोके मिळतात:

आकृती १
पहिली चांगली (७/१०), दुसरी चांगली (६/९) = ४२/९०
पहिली चांगली (७/१०), दुसरी वाईट (३/९) = २१/९०
पहिली वाईट (३/१०), दुसरी चांगली (७/९) = २१/९०
पहिली वाईट (३/१०), दुसरी वाईट (२/९) = ६/९०

चारही टोकांची बेरीज ९०/९०, म्हणजे १ येते. ती तशी आली नाही तर कोठेतरी फांदी चुकली किंवा राहून गेली, असे समजावे. आपल्या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या टोकावर आहे: ६/९०, म्हणजे १५ वेळांत एकदा. दोहोंपैकी नेमकी एकच वाईट निघण्याची संभाव्यता हवी असेल, तर मधली दोन टोके मिळवावीत: २१/९० आणि २१/९० मिळून ४२/९०.

या झाडाचे दोनच नियम आहेत. एका फांदीवरून पुढे पुढे जाताना गुणाकार करावयाचा आणि निरनिराळ्या टोकांची फळे एकत्र करताना बेरीज करावयाची. गुणाकार का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हाच प्रयोग आपण ९० वेळा केला तर सरासरीने २७ वेळा पहिली टिपरी वाईट निघेल. या २७ वेळांपैकी ९ ला २ या हिशेबाने ६ वेळा दुसरीही वाईट निघेल. भागाचा भाग काढणे म्हणजेच गुणाकार. वाटणीच्या जमिनीत निम्म्याचा निम्मा काढतात, तसाच हा प्रकार आहे.

एका फांदीची किंमत

दुसऱ्या टप्प्याच्या फांदीवर पहिल्या टप्प्याचा परिणाम होतो, ही गोष्ट वाचताना अगदी साधी वाटते. परंतु ती विसरली गेली तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण इंग्लंडमध्ये घडलेले आहे.

सॅली क्लार्क या व्यवसायाने वकील असलेल्या बाईंची दोन तान्ही मुले १९९६ आणि १९९८ साली, एकामागोमाग एक, दगावली. त्यांच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. खटल्यात एका नामांकित बालरोगतज्ज्ञांनी साक्ष दिली. अशा सुस्थितीतील घरात तान्हे मूल अचानक दगावण्याची शक्यता ८५४३ मध्ये एक आहे, म्हणून दोन मुले दगावण्याची शक्यता या संख्येचा वर्ग, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक, असा त्यांचा हिशेब होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये बाईंना जन्मठेप झाली.

आता या साक्षीचे झाड काढून पाहा. पहिल्या फांदीवर १/८५४३ लिहिले. दुसऱ्या फांदीवरही साक्षीदारांनी तेच लिहिले. जणू काही पहिली टिपरी पाटीत परत ठेवली! परंतु दोन्ही मुले एकाच आईबापांची, एकाच घरातील. एका मुलाच्या मृत्यूमागे काही आनुवंशिक कारण असेल, तर तेच कारण दुसऱ्या मुलाच्याही वाट्याला येऊ शकते. म्हणून दुसऱ्या फांदीवर ‘पहिले मूल असे दगावले असेल तर’ ही अट घालूनच आकडा लिहावयास हवा होता, आणि तो पुष्कळच मोठा असण्याचा संभव होता. इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली जाहीर निवेदन काढून या वर्ग करण्याला शास्त्रीय आधार नाही असे सांगितले. जानेवारी २००३ मध्ये बाईंची सुटका झाली. सुटकेचे मुख्य कारण बचाव पक्षापुढे न आलेला वैद्यकीय पुरावा हे होते. तरीही हा खटला आज जगभर दाखविला जातो तो त्या चुकीच्या गुणाकारामुळे. २००७ साली सॅली क्लार्क यांचे निधन झाले.

उलटा प्रश्न

आतापर्यंत आपण झाडाच्या खोडाकडून शेंड्याकडे गेलो. संसारात मात्र प्रश्न बहुधा उलटे येतात. शेंडा हाती लागलेला असतो आणि मूळ शोधावयाचे असते. ताप आहे, तो कशाचा? पीक पिवळे पडले आहे, ते कशाने?

पुन्हा उसाकडेच येऊ. आपल्या भागाजवळच पाडेगाव येथे १९३२ पासून मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे. आपल्याकडे घरोघर माहीत असलेल्या को ८६०३२ या जातीला तर आपल्या नदीवरून ‘नीरा’ हेच नाव मिळालेले आहे. खोडव्याचा ऊस बेण्यासाठी वापरू नये, बेणेमळ्यातील निरोगी बेणे घ्यावे, असे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. तरीही बेणे कमी पडले की शेतकरी थोडे बेणेमळ्याचे आणि थोडे खोडव्याचे असे मिसळून लावतो.

समजा, १०० टिपऱ्यांपैकी ६० बेणेमळ्याच्या आणि ४० खोडव्याच्या आहेत. (हे आकडे व पुढील उगवणीचे प्रमाण केवळ उदाहरणासाठी धरलेले आहे.) बेणेमळ्याच्या १०० पैकी ९० टिपऱ्या उगवतात आणि खोडव्याच्या १०० पैकी ६०. आता सरीत एका जागी तुटाळ पडली आहे. तेथील टिपरी खोडव्याची असण्याची संभाव्यता किती?

पुष्कळांना चटकन ४० टक्के हे उत्तर सुचेल, कारण खोडव्याची टिपरी न उगवण्याचे प्रमाण तेवढे आहे. परंतु तो प्रश्न निराळा आहे. ‘खोडव्याची असेल तर न उगवण्याची शक्यता’ हा एक प्रश्न आणि ‘न उगवलेली असेल तर खोडव्याची असण्याची शक्यता’ हा दुसरा. शब्द तेच, परंतु ‘जर’ची जागा बदललेली आहे. झाड काढले म्हणजे हा फरक डोळ्यांना दिसतो. येथे अपूर्णांकांऐवजी सरळ टिपऱ्यांची संख्याच फांद्यांवर लिहू:

आकृती २
१०० टिपऱ्या
├─ बेणेमळ्याच्या ६०
│　├─ उगवल्या ५४
│　└─ न उगवल्या ६
└─ खोडव्याच्या ४०
　　├─ उगवल्या २४
　　└─ न उगवल्या १६

न उगवलेल्या एकूण ६ अधिक १६, म्हणजे २२. त्यांतील खोडव्याच्या १६. म्हणून उत्तर १६/२२, म्हणजे सुमारे ७३ टक्के. रीत अगदी सोपी आहे: जे घडलेले आहे त्याची सर्व टोके गोळा करा, इतर टोके विसरून जा, आणि गोळा केलेल्या ढिगात आपल्याला हव्या त्या फांदीचा वाटा किती ते पाहा. ग्रंथात ज्याला बेझचा प्रमेय म्हणतात तो एवढाच.

टॉमस बेझ हे इंग्लंडमधील एक धर्मोपदेशक होते. १७६१ साली ते वारले. त्यांच्या कागदपत्रांत या उलट्या प्रश्नावरचा निबंध सापडला आणि त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस यांनी तो १७६३ साली प्रसिद्धीस आणला. पुढे १७७४ साली लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने स्वतंत्रपणे तोच विचार मांडला. विसाव्या शतकात हा विचार नव्याने उभा करणाऱ्यांत केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज हे अग्रणी होते. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे याच जेफ्रीज यांचे शिष्य. त्यांनीच पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या अध्यापनाचा पाया घातला आणि १९७४ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. आपले महाविद्यालय ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे, त्या विद्यापीठात या विषयाची परंपरा इतकी मोठी आहे.

फांद्यांवर टक्के लिहिण्याऐवजी संख्या लिहाव्यात, हीही काही माझ्या पदरची युक्ती नव्हे. गेर्ड गिगेरेंझर आणि उलरिख होफ्रागे या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली असे दाखवून दिले की, हाच प्रश्न टक्क्यांत विचारला तर बहुसंख्य लोक गोंधळतात आणि ‘हजार माणसांपैकी इतकी माणसे’ अशा रूपात मांडला तर पुष्कळ अधिक लोक बरोबर उत्तर देतात. म्हणजे आपल्याला गणित येत नाही असे नसून ते कोणत्या भाषेत सांगितले जाते यावर बरेच अवलंबून आहे.

निगेटिव्ह म्हणजे काय?

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळते.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीने आपल्या प्रत्येक गावाने काही ना काही गमावले. त्या काळात ‘अँटिजेन’ आणि ‘आरटीपीसीआर’ हे दोन शब्द पारावरच्या माणसांच्याही तोंडी झाले होते. अँटिजेन तपासणीचे उत्तर अर्ध्या तासात मिळे. आरटीपीसीआरसाठी प्रयोगशाळा लागे आणि अहवालाला एक-दोन दिवस किंवा अधिकही लागत. २०२१ च्या उन्हाळ्यात, मी नववीत असताना, माझ्या चुलत्यांना ताप आला. अँटिजेन निगेटिव्ह आली. घरात मधुमेह असलेली आजी होती, म्हणून सर्वांचा जीव भांड्यात पडला. परंतु तपासणाऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या तपासणीसाठी पुन्हा नमुना घेतला आणि अहवाल येईपर्यंत वेगळे राहावयास सांगितले. काकांनी अंथरूण रानातल्या खोपीत नेले. भावकीत मात्र कुजबूज सुरू झाली. ‘निगेटिव्ह आली तर पुन्हा नाकात काडी कशाला? यांचाच यांच्या मशिनीवर भरवसा नाही!’ तिसऱ्या दिवशी दुसरा अहवाल पॉझिटिव्ह आला. आजी सुखरूप राहिली.

डॉक्टरांनी स्वतःच्या मनाने तसे केले नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा तसा नियमच होता. १४ जून २०२० रोजी परिषदेने या तपासणीला मान्यता देणारी सूचना काढली तेव्हाच त्यात सांगितले होते की, पॉझिटिव्ह आलेला माणूस बाधित समजावा, त्याची पुन्हा तपासणी नको; परंतु लक्षणे असून निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करावीच. पॉझिटिव्हवर विश्वास आणि निगेटिव्हवर अविश्वास, असा हा एकतर्फी दिसणारा नियम. तो तसा का, हे झाड सांगते.

त्याच सूचनेत तपासणीच्या गुणवत्तेचे आकडे दिले होते. परिषदेने आणि दिल्लीच्या एम्स या संस्थेने केलेल्या दोन परीक्षणांत, खरोखर बाधित असलेल्या १०० माणसांपैकी ५०.६ ते ८४ माणसांना या तपासणीने ओळखले होते. शरीरातील विषाणूंचे प्रमाण कमी असेल तर ओळखण्याचे प्रमाणही कमी होते. उलट, बाधित नसलेल्या १०० माणसांपैकी ९९.३ ते १०० माणसांना तिने बरोबर निगेटिव्ह ठरविले होते. आपण दोन्हीकडचे खालचे आकडे घेऊ. आणखी एक आकडा आपल्याला धरावा लागेल: तापखोकला असलेल्या १००० माणसांपैकी साथीच्या भरात २०० माणसे खरोखर बाधित आहेत, असे समजू.

आकृती ३
लक्षणे असलेली १००० माणसे
├─ बाधित २००
│　├─ पॉझिटिव्ह १०१
│　└─ निगेटिव्ह ९९
└─ बाधित नसलेली ८००
　　├─ पॉझिटिव्ह ६
　　└─ निगेटिव्ह ७९४

आता टोके गोळा करू. पॉझिटिव्ह एकूण १०७. त्यांतील १०१ खरोखर बाधित, म्हणजे १०० ला सुमारे ९४. तेव्हा पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर विश्वास ठेवावा हे योग्यच. निगेटिव्ह एकूण ८९३. त्यांतील ९९ बाधित, म्हणजे नऊ जणांत एक! निगेटिव्हचा कागद हातात घेऊन घरी निघालेल्या नऊ माणसांपैकी एक जण रोग घेऊन निघाला आहे. त्याच्या घरी एखादी म्हातारी, एखादी बाळंतीण असू शकते. म्हणून या ८९३ जणांच्या फांदीला पुढे आणखी एक टप्पा फोडावयाचा, हाच दुसऱ्या तपासणीचा अर्थ. तपासणीचा वरचा आकडा, म्हणजे ८४ टक्के, घेऊन हेच झाड पुन्हा काढले, तर निगेटिव्ह ८२६ आणि त्यांतील बाधित ३२ येतात. म्हणजे १०० ला सुमारे ४. धोका कमी झाला, पण संपला नाही.

यावरून तपासणी निरुपयोगी होती असे मात्र कोणी समजू नये. अर्ध्या तासात १०१ बाधित माणसे तिने वेगळी काढली, हे काम लहान नव्हे. तिच्या निगेटिव्हचा अर्थ ‘आजार नाही’ असा नसून ‘अजून सापडला नाही’ असा आहे, एवढेच लोकांना सांगावयास हवे होते.

आता याच तपासणीचे दुसरे झाड काढू. गावात रोग विरळ झाला आहे, लक्षणे नसलेली १००० माणसे रांगेत उभी आहेत, आणि त्यांत केवळ १० बाधित आहेत असे समजा. १० बाधितांपैकी सुमारे ५ पॉझिटिव्ह येतील. बाधित नसलेल्या ९९० पैकी, १००० ला ७ या हिशेबाने, सुमारे ७ जण उगाचच पॉझिटिव्ह ठरतील. एकूण पॉझिटिव्ह १२. त्यांतील खरे ५. म्हणजे निम्म्याहून कमी! तपासणी तीच, काडी तीच, आकडेही तेच. बदलली ती पहिली फांदी. रोग किती पसरला आहे हे ठरविणारी ती फांदी आपण बहुधा काढतच नाही. एकदम तपासणीच्या फांदीवर उडी मारतो.

पुण्याच्या मायलॅब कंपनीने घरच्या घरी करावयाच्या तपासणीचा संच काढला आणि मे २०२१ मध्ये परिषदेने त्याला मान्यता दिली, तेव्हाही हेच तत्त्व दिसून आले. लक्षणे असलेल्यांनी आणि बाधितांच्या निकट संपर्कातील माणसांनीच ही तपासणी करावी, सरसकट कोणीही करू नये, आणि लक्षणे असून निगेटिव्ह आल्यास आरटीपीसीआर करावी, असे सूचनेत म्हटले होते. वरच्या दोन झाडांकडे पाहिले म्हणजे यातील प्रत्येक वाक्याचे कारण कळते.

हे गणित त्या वेळी कोणी भावकीला सांगितले असते तर कुजबूज झाली नसती, असे मला वाटते. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिलीच, त्यामुळे आता कोणाचाही तपासणीचा अहवाल आला की तो प्रथम माझ्यापुढे ठेवला जातो. ‘पॉझिटिव्ह का निगेटिव्ह?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो. तो शब्द वाचून दाखविणे सोपे आहे. त्या शब्दाचा अर्थ काय आणि किती, हे सांगता यावयाचे असेल तर मागची फांदी पाहावी लागते. आणि आजारावर काय करावयाचे हे तर डॉक्टरच सांगणार; पण डॉक्टर पुन्हा तपासा म्हणतात तेव्हा ते आपल्याला फसवीत नाहीत, इतके तरी झाडावरून समजते.

ऋतुपर्णाचे झाड

शक्यतेचे गणित आणि झाड यांची गाठ आपल्याकडे फार जुन्या काळी पडलेली आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपल्याला माहीत आहे. द्यूतात राज्य गमावलेला नळराजा बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. अयोध्येहून विदर्भाकडे जाताना वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण रथातूनच त्या झाडाची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळाला ते खरे वाटत नाही. तो झाड तोडून फळे मोजतो आणि संख्या बरोबर भरते. मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो आणि बदल्यात नळाकडून अश्वविद्या मिळण्याचे वचन घेतो. ती विद्या मिळताच नळाच्या शरीरातून कली बाहेर पडतो, असे कथा सांगते. पूर्वी बेहड्याच्या फळांचे फासे करीत, म्हणून ते झाड तेथे आले असावे. मला या कथेत आवडतो तो नळाचा हट्ट. राजाने सांगितले म्हणून त्याने मान्य केले नाही, मोजून पाहिले. द्यूतात सर्वस्व हरलेल्या माणसाला नशिबाच्या तडाख्यातून बाहेर काढले ते मोजण्याने.

झाड काढताना

विद्यार्थिमित्रांच्या सोयीसाठी चार गोष्टी येथे एकत्र सांगते. पहिली, जे आधी घडते किंवा आधीपासून असते त्याच्या फांद्या आधी काढाव्यात. रोग आधी असतो, तपासणी नंतर होते. दुसरी, एका ठिकाणाहून फुटणाऱ्या सर्व फांद्यांची बेरीज १ (किंवा तेथपर्यंत आलेली संख्या) आलीच पाहिजे. तिसरी, पुढे जाताना गुणाकार आणि टोके एकत्र करताना बेरीज. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रश्नातील ‘जर’ कोठे आहे त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. ‘जर’ झाडाच्या आधीच्या टप्प्यावर असेल तर उत्तर फांदीवर लिहिलेलेच असते. तो शेवटच्या टप्प्यावर असेल तर टोके गोळा करून वाटा काढावा लागतो.

वाचून झाल्यावर हाताने एकदा करून पाहावे म्हणून एक उदाहरण देते. वरच्या बेण्याच्या उदाहरणात बेणेमळ्याच्या ५० आणि खोडव्याच्या ५० टिपऱ्या घेतल्या आणि उगवणीचे प्रमाण तेच ठेवले. तुटाळ पडलेल्या जागची टिपरी खोडव्याची असण्याची संभाव्यता किती? न उगवलेल्या २५ टिपऱ्या आणि त्यांतील खोडव्याच्या २०, म्हणजे १०० ला ८०, असे उत्तर आले तर आपले झाड बरोबर वाढले असे समजावे.